घोट्याजवळ हाड उघडं पडलंय? रिव्हर्स सुरल फ्लॅप पहिल्यांदा करणाऱ्या रेसिडेंटसाठी

उघडं हाड झाकायला नडगीच्या वरच्या भागाला गॅस्ट्रॉक आहे, मधल्या भागाला सोलियस (दोन्ही पोटरीचे मसल), पण खाली घोट्यापाशी नुसती टेंडनं, फिरवायला मसल नाहीच आणि पेरिऑस्टियम (हाडावरचं आवरण) गेलेल्या हाडावर ग्राफ्ट, म्हणजे नुसती पातळ कातडी, धरत नाही. मायक्रोस्कोप आणि हात असलेला माणूस असेल तर फ्री फ्लॅप (दुसरीकडून कापून आणायचा आणि रक्तवाहिन्या इथे जोडायच्या), नाहीतर हा रिव्हर्स सुरल: पोटरीची कातडी फॅशिया आणि रक्तपुरवठ्यासकट उचलून खाली जखमेवर फिरवायची.

आधी डिब्राइडमेंट पूर्ण, मेलेलं काही ठेवून वर फ्लॅप टाकलात तर खाली पूच साठणार. मग पेशंट पालथा. बाहेरच्या घोट्याच्या टोकापासून 5 सेमी वर पिव्हट (फ्लॅप जिथून फिरतो तो बिंदू), त्याच्या खाली उतरायचं नाही कारण पेरोनियल आर्टरीचे परफोरेटर (कातडीकडे येणाऱ्या छोट्या फांद्या) तिथेच येतात, फ्लॅप जगतो त्यांच्यावर. हँड डॉपलर लावून आवाज ऐका, मगच पेन उचला. ग्लोव्हचं कागदी पाकीट जखमेच्या आकारात, थोडं मोठंच, कापायचं, पिव्हटवर बोट दाबून पोटरीवर फिरवून बघायचं, कमी पडत असेल तर इथेच कळतं, कापल्यावर कळून काय उपयोग.

कट वरून सुरू करा. शॉर्ट सॅफेनस व्हेन आणि सुरल नर्व्ह सापडली की वर बांधून कापायची आणि दोन्ही फॅशियासकट (मसलवरचा पडदा) फ्लॅपमध्ये घ्यायच्या, फॅशिया कातडीपासून सरकू नये म्हणून कडेला दोन-चार टाके. पेडिकल, म्हणजे फ्लॅपला रक्त पोचवणारा देठ, 3-4 सेमी रुंद ठेवा, उगाच बारीक करत बसू नका.

आणि टनेल नको. मी एकदा फ्लॅप पिव्हट आणि जखमेच्या मधल्या कातडीखालून ओढून घेतला, टेबलवर मस्त गुलाबी, संध्याकाळी बघतो तर जांभळा, दाबलं की रंग झटकन परत, म्हणजे रक्त जातंय पण परत येत नाहीये. टाके सोडले, मधली कातडी उघडली तेव्हा निम्मा वाचला. तेव्हापासून मी मधली कातडी सरळ उघडतो आणि पेडिकलवर ग्राफ्ट टाकतो, दिसायला बेंगरूळ दिसतं पण चालतं.

डायबेटिक किंवा बिडीवाला असेल तर डिले करा, फ्लॅप उचलून तिथेच परत शिवायचा आणि आठ-दहा दिवसांनी फिरवायचा.

वॉर्डात पाय उंच, पेडिकलवर उशी किंवा प्लास्टरची कड अजिबात टेकता कामा नये, सिस्टरला स्वतः दाखवून या.

पावलाची बाहेरची कड बधिर होणार हे कन्सेंटच्या वेळीच सांगा. नंतर सांगितलं तर नातेवाईक म्हणतात डॉक्टरने नस कापली, आणि कापलेली असतेच.