डीईएमवरून पाणलोट काढताना या चुका टाळा

मुठेचं पाणलोट काढायला घ्यावं आणि हाती यावा चार-दोन पिक्सेलचा तुकडा, ही बहुतेकांची पहिली अडचण. डीईएम, म्हणजे जमिनीच्या उंचीचा पिक्सेलनिहाय डिजिटल नकाशा, दोषी नसतो. निर्गमबिंदू, म्हणजे खोऱ्याचं पाणी जिथून बाहेर पडतं तो बिंदू, नदीच्या रेषेबाहेर पडलेला असतो. गूगलच्या नकाशावर नदी दिसते तिथे क्लिक करू नका. फ्लो अ‍ॅक्युम्युलेशनचा (प्रत्येक पिक्सेलवर वरच्या किती पिक्सेलचं पाणी येतं ते दाखवणारा) थर पूर्ण मोठा करून त्यातल्या रेषेवरच बिंदू ठेवा. पुण्याच्या संगमावर तर एका पिक्सेलच्या फरकाने मुळेचं अख्खं खोरं आत येतं किंवा बाहेर राहतं.

डीईएम जिल्ह्याच्या हद्दीवर कापू नका. खोऱ्यापेक्षा बराच मोठा तुकडा घ्या. 'ग्रास' या नकाशाच्या सॉफ्टवेअरमधल्या आर.वॉटरशेड या साधनाने अ‍ॅक्युम्युलेशनमध्ये ऋण आकडे दाखवले, तर तिथे नकाशाबाहेरूनही पाणी येत असण्याची शक्यता आहे, असं समजा.

एसआरटीएम हा नेहमीच्या वापरातला डीईएम अक्षांश-रेखांशात मिळतो, उंची मात्र मीटरमध्ये. तसाच वापरला तर उतार भलतेच येतात. म्हणून तो आधी मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम प्रक्षेपणात बदला: पुण्यासाठी विभाग ४३ उत्तर, नागपूरसाठी ४४ उत्तर. रूपांतर करताना 'बायलिनियर' (शेजारच्या पिक्सेलांची भारित सरासरी) निवडा. 'निअरेस्ट नेबर'ने (सर्वांत जवळच्या पिक्सेलचीच किंमत घेतल्याने) पट्टे उमटतात आणि ओढे त्या पट्ट्यांमागून धावतात.

सगळ्यात मोठं नुकसान डोळे झाकून 'फिल सिंक्स' ही खळगे भरणारी आज्ञा चालवल्याने होतं. लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आहे आणि त्यात उतरणारं पाणी सरोवरातच थांबतं. 'फिल' ते काठापर्यंत भरून टाकतं आणि पाणी बाहेर वाहू लागल्याचं दाखवतं! असे खरे खळगे आर.वॉटरशेडला वेगळ्या थराने सांगता येतात. उलट रस्त्याच्या भरावामागे तयार झालेला खळगा खोटा असतो, कारण भरावाखालची मोरी वरून केलेल्या मोजणीत दिसत नाही. तिथे भरण्यापेक्षा वाट कोरणं, म्हणजे 'ब्रीचिंग', बरं.

जलाशयावर सरळ समांतर ओढे उमटले तर ते खरे नाहीत, पृष्ठभाग सपाट असल्याचा तो परिणाम आहे. प्रवाहांची घनता मोजताना ते वगळा.

सीमा अचूक आली तरी पाण्याचा हिशेब वेगळाच असू शकतो. डीईएमनुसार कोयनेचं पाणी कृष्णेला मिळतं. प्रत्यक्षात वीजनिर्मितीसाठी त्यातलं बरंचसं बोगद्यांतून सह्याद्रीपलीकडे वाशिष्ठीच्या खोऱ्यात जातं. बोगदे, कालवे आणि उपसा योजना नकाशावर स्वतः नोंदवाव्या लागतात.