वाळलेले वाढे युरियाने मुरवून पचायला सोपे कसे करावे

उसाच्या गळिताच्या हंगामात वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मुबलक मिळते आणि बरेचसे बांधावर वाळून जाते. वाळलेल्या वाढ्यातला तंतू लिग्निन या कठीण, न पचणाऱ्या घटकाने आवळलेला असतो. जनावराच्या पोटातल्या जिवाणूंना तो नीट फोडता येत नाही. युरियातून सुटणारा अमोनिया ही पकड सैल करतो.

प्रमाण असे: वाळलेल्या वाढ्याची कुट्टी (बारीक तुकडे) 100 किलो, युरिया 4 किलो, पाणी 50 लिटर. वाढे हातात कुरकुरेल इतके वाळलेले हवे. हिरव्यावर हा प्रयोग करू नका. त्यातल्या साखरेचे आम्ल बनते आणि ते अमोनियाला बांधून टाकते. हिरव्याचा मुरघासच (हवाबंद आंबवलेला चारा) करावा.

कुट्टी इंचभराची ठेवा. युरिया पूर्ण विरघळल्याशिवाय पाणी झारीत भरू नका, कारण न विरघळलेले खडे जनावराच्या तोंडी गेले तर विषबाधा होते. वीतभर थर पसरा, सारखे शिंपडा, उलथापालथ करा, तुडवा, मग पुढचा थर. तुडवण्यात कसूर नको. शेवटी जाड प्लॅस्टिकने झाकून कडा मातीने दाबा. उन्हाळ्यात 21 दिवस, थंडीत 28 दिवस उघडू नका.

उघडल्यावर नाकाला झोंबणारा वास आणि तपकिरी रंग आला की काम जमले. वासच नसेल तर प्लॅस्टिक कुठेतरी फाटलेले आहे. पांढरी बुरशी म्हणजे आत हवा राहिली. काळा चिखल म्हणजे पाणी जास्त झाले. असा भाग फेकून द्या, गाभण गाईला तर मुळीच नको.

रोजच्यापुरते काढून तासभर पसरून ठेवा. 4 किलो युरियात सुमारे 1.84 किलो नत्र असते. त्यातला मोठा भाग उघडल्यावर उडून जातो, आणि तो उडालेलाच बरा. पहिल्या आठवड्यात नेहमीच्या वैरणीत पाव हिस्सा मिसळा, मग हळूहळू वाढवा. सहा महिन्यांखालील वासरांना देऊ नका. सोबतच्या आंबोणात (खुराकात) कच्चे सोयाबीन नको. त्यातले युरिएज हे विकर (एन्झाइम) उरलेल्या युरियाचा झपाट्याने अमोनिया करते.

लाळ गळणे, थरथर, पोटफुगी ही विषबाधेची लक्षणे दिसली तर वैरण बंद करून लगेच पशुवैद्यकाला बोलवा. ते येईपर्यंत, जनावर गिळू शकत असेल तरच, मोठ्या जनावराला 2 ते 4 लिटर व्हिनेगर भरपूर गार पाण्यात मिसळून हळूहळू पाजा.

वाढ्यातले ऑक्झलेट हे क्षार या प्रक्रियेने जात नाही आणि ते कॅल्शियम अडवते. दुभत्या गाईला रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण द्यावेच.