पॉवर मीटर खरे वॅट दाखवतोय का? पासंग आणि माप तपासण्याची पद्धत

पॉवर मीटर म्हणजे पेडल मारताना पाय किती ताकद लावतात ते वॅटमध्ये मोजणारं, सायकलच्या क्रँकवर (पेडल ज्याला लावतात तो हात) किंवा पेडलमध्ये बसवलेलं उपकरण. हेड युनिटवर (हँडलवरच्या छोट्या कॉम्प्युटरवर) ‘कॅलिब्रेट’ दाबलं की मीटर बरोबर झाला, असं बरेच सायकलिस्ट धरून चालतात. त्या बटणाने फक्त पासंग निघतो. तराजूची पारडी रिकामी असताना काटा मध्ये आणला तरी समोरचं वजनच ९८० ग्रॅमचं असेल, तर किलोमागे २० ग्रॅम कमी मिळणारच. पॉवर मीटरचंही तसंच आहे: शून्य वेगळं, माप वेगळं.

कोणती चूक आहे हे ओळखता येतं. मीटर मुळात टॉर्क म्हणजे क्रँक फिरवणारा जोर मोजतो, न्यूटन-मीटरमध्ये. शून्य १ न्यूटन-मीटरने सरकलं असेल, तर ९० कॅडेन्सला (मिनिटाला पेडलचे ९० फेरे) सुमारे ९.४ वॅटचा फरक पडतो आणि ६० ला ६.३ वॅटचा. मग तुम्ही १२० वॅटने चालवा की ३०० ने, फरक तेवढाच. माप चुकलेलं असेल तर फरक टक्क्यांत वाढतो. २ टक्के कमी म्हणजे १०० वॅटला २ आणि ३०० ला ६.

शून्य

मीटरच्या आत धातूला चिकटवलेले स्ट्रेन गेज, म्हणजे धातू किती वाकला ते मोजणाऱ्या पातळ पट्ट्या असतात. तापमान बदललं की धातू आणि गेज दोन्ही हलतात. तापमानाची भरपाई बहुतेक मीटर आपोआप करतात, पण सायकल एका तापमानातून दुसऱ्यात जात असताना क्रँकचे सगळे भाग एकदम गरम किंवा गार होत नाहीत. नागपुरात हा प्रश्न मोठा आहे. जानेवारीत घरात २० अंश आणि पहाटे बाहेर १०–१२. मे महिन्यात पहाटे ३० च्या आसपास निघालेली राइड संपेपर्यंत पारा चाळिशीकडे जातो. म्हणून दारातच झिरो करू नका, म्हणजे ‘कॅलिब्रेट’ दाबू नका. फुटाळा किंवा अंबाझरी तलावापर्यंत १५–२० मिनिटं चालवा, थांबा आणि मग करा. उन्हाळ्यात वर्धा रोडला लांब जाणार असाल तर मध्ये पाण्यासाठी थांबाल तेव्हा पुन्हा एकदा.

दोन्ही पाय पेडलवरून काढा, सायकल सरळ उभी धरा, भिंतीला कलंडून ठेवू नका. क्रँक उभी, म्हणजे कंपनीने सांगितलेल्या स्थितीत. येणारा आकडा लिहून ठेवा; लागोपाठ दोनदा केल्यावर तो जवळजवळ तोच यायला हवा. दर वेळी उडी मारत असेल तर बटण दाबत बसू नका, आधी बॅटरी बदला आणि क्रँकचा बोल्ट व पेडल टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलंय ते दाखवणाऱ्या पान्याने) तपासा. पावसाळ्यात बॅटरीच्या झाकणातून पाणी शिरतं. रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या आणि आतले कॉन्टॅक्ट हिरवे पडलेत का बघा.

पेडलमध्ये मीटर असेल तर क्रँकची लांबी सेटिंगमध्ये बरोबर आहे ना, हे आधी बघा. १७० मिमीची क्रँक असून १७२.५ भरलं, तर वॅट जवळजवळ दीड टक्का जास्त दिसतात.

माप: वजन टांगून

डोंगर चढून वेळेवरून वॅट काढण्याची पद्धत आपल्याकडे चालत नाही, सेमिनरी हिल्सचा चढ त्यासाठी फार लहान आहे. वजन टांगणं हाच भरवशाचा मार्ग. फक्त ॲप किंवा हेड युनिटवर थेट टॉर्क दिसायला हवा.

जिमच्या प्लेटवर विश्वास ठेवू नका, छापलेल्या आणि खऱ्या वजनात बराच फरक असू शकतो. धान्याच्या दुकानातलं शासकीय शिक्का असलेलं २० किलोचं लोखंडी वजन मिळवा. पट्टा आणि हुक वेगळे तोला: ३०० ग्रॅमचा पट्टा विसरलात तर दीड टक्क्याची चूक तिथेच झाली.

अपेक्षित टॉर्क = किलो × गुरुत्व × क्रँकची लांबी मीटरमध्ये. पुस्तकात गुरुत्व ९.८१ असतं, नागपूरचं अक्षांश आणि समुद्रसपाटीपासूनची सुमारे ३१० मीटर उंची धरली तर ते ९.७९ च्या किंचित खाली, ९.७८६ येतं. पट्ट्यासकट बरोबर २० किलो आणि १७० मिमी क्रँक असेल तर ३३.२७ न्यूटन-मीटर. ९.८१ घेतलं असतं तर ३३.३५ आलं असतं आणि पाव टक्का चूक मीटरच्या माथी गेली असती.

सायकल स्टँडला घट्ट लावा. चेन पुढे मोठ्या आणि मागे सगळ्यात लहान दातऱ्यावर घ्या, म्हणजे चाकावर ताण कमी येतो, आणि मागचा ब्रेक पट्ट्याने आवळून ठेवा. क्रँक पुढच्या बाजूला आडवी करा. गवंड्याची पाणसळ तिच्यावर ठेवली की काम अचूक होतं. ५ अंश वाकडी राहिली तर टॉर्क ०.४ टक्के कमी दिसतो. खाली पोतं अंथरा, वजन निसटलं तर फरशी जाईल.

कूलर आणि पंखा बंद करा. हवेने वजन हलकंसं जरी झुललं तरी आकडा ३३.१, ३३.५ असा नाचत राहतो. पेडलच्या आसावर पट्टा अडकवा, वजन पूर्ण थांबू द्या, १० सेकंद आकडा बघा. मग वजन काढून त्याच स्थितीतला रिकामा आकडा घ्या आणि वजा करा, म्हणजे पेडलचं स्वतःचं वजन हिशेबात येत नाही. हे तीनदा करा. १० किलोनेही एकदा बघा, उत्तर निम्मं यायला हवं. मीटर दोन्हीकडे असेल तर दुसऱ्या बाजूलाही हेच.

समजा सरासरी ३२.६० आली. ३३.२७ ÷ ३२.६० = १.०२, म्हणजे मीटर २ टक्के कमी दाखवतोय. ॲपमध्ये स्केल फॅक्टर (माप दुरुस्त करायचा आकडा, टक्क्यांत) असेल तर त्या बाजूचा १०२ करा आणि पुन्हा वजन टांगून खात्री करा. फरक ५ टक्क्यांच्या वर असेल तर फॅक्टरला हात लावू नका. पेडल सैल आहे, क्रँकला तडा गेलाय किंवा गणित चुकलंय. ट्रेनरशी (घरात सायकल लावून चालवायच्या यंत्राशी) तुलना करायची असेल, तर चेनमध्ये २–४ टक्के जातात हे धरा: क्रँकवर २०० असताना ट्रेनरवर १९२ ते १९६ दिसणं ठीक आहे, पण ट्रेनर जास्त दाखवत असेल तर दोघांपैकी एक नक्की चुकतोय.

एकाच, डाव्या क्रँकवरचा मीटर कितीही अचूक असला तरी तो डाव्या पायाची दुप्पट करतो. डावा पाय ४८ टक्के जोर लावत असेल तर २५० चे २४० दिसतील, आणि ही चूक वजन टांगून सापडत नाही.

फॅक्टर बदलल्याची तारीख वहीत लिहा. जुन्या राइडचे आकडे बदलत नाहीत. आधीचा एफटीपी (साधारण तासभर टिकवता येणारे जास्तीत जास्त वॅट) २३० असेल तर नव्या मापात तो २३५ च्या जवळ येतो, त्यामुळे त्यावरून ठरणारे ट्रेनिंगचे झोन (हलक्या ते जोरदार सरावाच्या वॅटच्या पायऱ्या) त्याच दिवशी पुन्हा भरा.