शाळा रंगवायला निघालात? आधी अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, चढून या, आणि या चुका टाळा

बडोद्यात मंडळं, माजी विद्यार्थी, दोन-चार दाते मिळून गल्लीतली जुनी शाळा नि तिची बालवाडी नीट करायचं ठरतं, आणि पहिल्याच मीटिंगला कोणीतरी म्हणतंच, भिंतीवर मस्त कार्टून काढूया. अहो थांबा जरा, रंग सगळ्यात शेवटी!

पोपडे नेमके कुठे सुटलेत ते बघा. जमिनीपासून दोन-तीन फुटांतच असतील नि पांढरी खारट भुकटी हाताला लागत असेल तर ओल खालून चढतेय, छताजवळ असतील तर अगाशी गळतेय, आणि फक्त बाथरूमच्या मागच्या भिंतीला डाग असेल तर पाइप तपासा. तिन्हींचा इलाज वेगळा, पण कॉन्ट्रॅक्टरचं उत्तर एकच, "पुट्टी मारून टाकू साहेब". खात्री होत नसेल तर हातभर प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने भिंतीला घट्ट चिकटवा, दोन दिवसांनी बघा. आतून, म्हणजे भिंतीकडून थेंब धरले असतील तर ओल भिंतीतच आहे, बाहेरून धरले तर ती खोलीतल्या हवेची.

रावपुरा, दांडिया बाजारकडच्या जुन्या इमारतींत भिंत चुन्याची निघाली तर कडियाला (गवंड्याला) सिमेंट प्लास्टर करू देऊ नका, ओल आत कोंडते नि प्लास्टर फुगून सुटतं. अगाशीवर चायना मोझॅक (टाइलच्या तुकड्यांचा थर) करायचाच, पण आधी पाण्याचा ढाळ नीट करून घ्या. स्लॅबच्या सळ्या दिसत असतील तर मात्र वॉटरप्रूफिंग बाजूला ठेवा, आधी इंजिनिअर.

जुना रंग कोरडा खरवडणं ही सगळ्यात वाईट चूक, आणि बालवाडीत तर नकोच नको. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं (90 पीपीएमची, म्हणजे दहा लाखांत 90 भागांची मर्यादा 2017 पासून लागू झाली, भिंती त्याच्या कितीतरी आधीच्या), ती धूळ जमिनीवर बसते नि मुलं हात तोंडात घालतात. ओलं करूनच खरवडा, मुलं नसताना, आणि नंतर झाडू नाही, ओलं फडकं फिरवा.

बेसिन, नळ, कडी यांची उंची टेपने नाही, एका चार वर्षांच्या पोराला उभं करून ठरवा. मुलामुलींची वेगळी टॉयलेट नि अडथळ्याविना आत येण्याची सोय, म्हणजे रॅम्प, 2009च्या शिक्षणहक्क कायद्यातच आहेत, आणि सहा इंच पायरीला किमान सहा फुटांचा रॅम्प लागतो, कडियाने दोन फुटांत उरकलेला म्हणजे घसरगुंडीच.

शाळा नगर प्राथमिक शिक्षण समितीची, म्हणजे पालिकेची, असेल तर लेखी परवानगी आधी, तोंडी "करा की" नंतर कोणालाच आठवत नाही. काम मेच्या सुट्टीत, परवानगीची धावपळ त्याच्या खूप आधी, नाहीतर जूनच्या पहिल्या सरीत अगाशी उघडी आणि वर्गात बादल्या. देणगी 2000च्या वर असेल तर चेक किंवा ऑनलाइनच घ्या, रोखीवर दात्याला करसवलत मिळत नाही, मग तो तुम्हालाच बोलतो. नावांची संगमरवरी पाटी हवी तर लावा बापडे, फक्त फळ्यापेक्षा मोठी नको.