जगाचा जुना नकाशा हाती लागला तर तो कधीचा हे कसं ओळखायचं

सोलापुरात रद्दीवाल्याकडे नाहीतर जुन्या वाड्याच्या माळ्यावर जगाचा छापील नकाशा सापडला की पहिला प्रश्न एकच, किती जुना? खाली साल छापलंय म्हणून तेच धरून चालू नका. अमेरिकन नकाशावर बारीक अक्षरात जे साल असतं ते बऱ्याचदा कॉपीराइट नोंदवल्याचं असतं, आणि छपाईची तीच कोरीव प्लेट दुरुस्त्या करत करत पुढं कितीतरी वर्षं छापली जायची.

म्हणून आधी समासातलं प्रकाशकाचं नाव वाचा. हे धंदे घराण्यांचे होते, पेढीवर पिढी बदलली की पाटी बदलते ना, तसंच. न्यूयॉर्कचे कोल्टन घ्या, नुसतं ‘जे. एच. कोल्टन’ असेल तर वडलांचा काळ, आणि ‘जी. डब्ल्यू. अँड सी. बी. कोल्टन’ असेल तर धंदा दोन्ही मुलांच्या नावावर आल्यानंतरचा, म्हणजे १८६०च्या दशकातला किंवा त्यापुढचा. लंडनच्या ॲरोस्मिथांमध्ये ॲरन १८२३ला वारला आणि पुढं मोठं नाव झालं ते त्याच्या पुतण्याचं, जॉनचं. एडिंबराच्या जॉन्स्टन भावांचा नकाशा हातात आला की मला मात्र नेहमी अलेक्झांडर कीथ जॉन्स्टनचा मुलगा आठवतो. त्याचंही नाव कीथच. १८७९ला पूर्व आफ्रिकेत मोहिमेवर गेला आणि तिथंच आजारी पडून वारला, वय जेमतेम ३४. घरात बसून ज्या जागा कोऱ्या सोडाव्या लागत होत्या त्याच बघायला गेला होता तो.

मग देश बघा. अलास्काच्या जागी रशियन अमेरिका असेल तर मजकूर १८६७च्या आधीचा, सुएझचा कालवा पूर्ण दाखवला असेल तर १८६९ किंवा नंतरचा, जर्मन साम्राज्य एकसंध असेल तर १८७१ नंतरचा. पश्चिम आफ्रिकेत काँगचे डोंगर म्हणून आडवी रांग दिसेल, ते डोंगर मुळात नाहीतच, पण १७९८ला इंग्रज नकाशाकार रेनेलच्या नकाशावर आले आणि फ्रेंच प्रवासी बिंजे तिकडं जाऊन येईपर्यंत, म्हणजे १८८९पर्यंत, लोक छापत राहिले. एक लक्षात ठेवा, नवीन गोष्ट दिसली तर तो पुरावा पक्का, दिसली नाही तर कच्चा, कारण प्रकाशक जुनीच प्लेट वापरायचे.

आता भिंग घ्या. रंगाच्या जागी बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर बहुतेक अलीकडची नक्कल. हातानं रंगवलेला असेल तर रंग रेषेच्या बाहेर थोडा सांडलेला असतो, आणि तांब्याचा हिरवा रंग वापरला असेल तर तेवढा कागद मागून तपकिरी पडतो. पाठ बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

घरी आणल्यावर लॅमिनेशन अजिबात नको, चिकटपट्टीही नको. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कागद कडक होतो, घडी उघडताना तिथंच तुटतो, त्यामुळं आडवा सपाट ठेवा, उन्हाच्या भिंतीला टांगू नका. सुती कापडात गुंडाळणार असाल तर कोरं कापड आधी दोनतीन पाण्यातून काढून खळ पूर्ण घालवा आणि चांगलं वाळवा, खळीवर कसर येते आणि कापड संपलं की ती कागदाला लागते.