गणपतीला नव्या घरात यायचंय? आधी या चुका टाळा

मे महिना लागला की फोन सुरू होतात. दुबई, मस्कत, दोहा, मधूनच एखादा लंडनचा. प्रश्न सगळ्यांचा एकच: "साहेब, गणपतीपर्यंत होऊन जाईल ना?" पाया दिवाळीनंतर काढलेला असतो, स्लॅब एप्रिलमध्ये पडलेला असतो, भिंतींना अजून गिलावा नसतो. आणि तिकिटं मात्र काढून झालेली असतात.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात परदेशातल्या मंडळींच्या घरांवर देखरेख करायचं माझं काम. माणसं हुशार असतात, पैसा कष्टाचा असतो, पण चुका ठरलेल्या. काहींवर फार बोलण्यासारखं नाही, दोन मात्र डोक्यात जातात.

पहिली: रजेच्या तारखेला घर पूर्ण करणं

आखातातल्या शाळांना सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये. आपल्याकडे नेमका तेव्हा धो धो पाऊस. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे तर जुलैमध्ये दोरीवरचे कपडे आठवडाभर वाळत नाहीत, तिथे भिंत काय वाळणार? पण रजा तेव्हाच मिळते, गणपती तेव्हाच येतो, मग सिमेंटनेही तेव्हाच वाळलं पाहिजे असा हट्ट.

जांबोटीच्या अलीकडच्या एका गावातलं घर. मालक आखातात, माणूस सरळ, पैशाला कधी मागेपुढे पाहिलं नाही. आतला गिलावा जूनअखेर संपला. मी म्हटलं, आता थांबा, दसऱ्यानंतर पुट्टी लावू. ते म्हणाले, "आईची इच्छा आहे, गणपती नव्या घरातच बसायचा." आईचं नाव निघालं की इंजिनिअरचं कोण ऐकतो? पेंटरने खोल्याखोल्यांत हॅलोजन लावले, कोपऱ्यात कोळशाच्या शेगड्या पेटवल्या. भिंतीचा वरचा पापुद्रा वाळला, हात लावला तर कोरडी. त्यावर पुट्टी, प्रायमर, महागातला प्लास्टिक पेंट. हॉलला पीओपीचं सिलिंग. गणपतीला घर असं दिसत होतं की शेजारच्या गावातून लोक बघायला आले.

अनंत चतुर्दशी झाली, मालक परत गेले. दिवाळीला मी आत पाऊल टाकलं तर नैर्ऋत्येच्या बेडरूममध्ये रंगाला तळहाताएवढे फोड. एका फोडावर अंगठा दाबला, तर आतून पाणी ओघळलं आणि मागे पांढरा खार. गिलाव्यातल्या पाण्याला बाहेर पडायची वाटच आपण प्लास्टिक पेंटने बंद केली होती, ते जाणार कुठे? दारांची तऱ्हा वेगळीच. पावसाळ्यात फ्लश डोअर फुगले, लागेनात, म्हणून सुताराने ऑक्टोबरमध्ये रंधा मारून बसते केले. मार्चमध्ये लाकूड आक्रसलं आणि चौकटीत बोट जाईल एवढी फट. नवी दारं. वरच्या बाथरूममध्ये पाणी भरून न बघताच टाइल्स बसवल्या होत्या, त्याखालचं पीओपी चहा सांडल्यासारखं पिवळं. फेब्रुवारीत सगळा रंग खरवडला, भिंती उन्हाळाभर उघड्या ठेवल्या आणि मेमध्ये परत रंग दिला. रंगाचा खर्च दोनदा, दारांचा दोनदा. वर पेंटर, सुतार आणि मालक यांच्यात जी वाजली ती वेगळीच.

माझा शिरस्ता असा. पाया दिवाळीनंतर, स्लॅब फेब्रुवारी-मार्चपर्यंत, बाहेरचा गिलावा आणि गच्चीचा कोबा मेच्या मध्यापर्यंत. मग काम बंद. खिडक्यांना ताडपत्री मारायची आणि पहिला पावसाळा घराला नुसता खाऊ द्यायचा. जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्यातून एकदा मी आत फिरतो आणि जिथे ओल दिसेल तिथे कोळशाने गोल काढून तारीख टाकतो. ऑक्टोबरमध्ये ते गोल बघून दुरुस्ती. टाइल्स, पुट्टी, रंग, फर्निचर दसऱ्यानंतर. वास्तुशांत माघात करा, अक्षय्य तृतीयेला करा. गणपती आणखी एक वर्ष जुन्या घरात बसला म्हणून तो रागावत नाही, रागावतात ती आपली पाहुणेमंडळी.

पुट्टी लावायची का नाही हे हात लावून ठरवू नका. फूटभर प्लास्टिकचा कागद भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघायचं. आतल्या बाजूला दव धरलं असेल तर पेंटरला घरी पाठवा. त्याला राग येतो, येऊ दे. बाथरूमचा खोलगट स्लॅब वॉटरप्रूफिंगनंतर पाण्याने भरून दोन दिवस तसाच ठेवायचा, खालून छत कोरडं दिसलं तरच टाइल्स. हे दोन दिवस वाचवणारी माणसं मला कळतच नाहीत.

दुसरी: "मामा आहेत की बघायला"

मामा, काका, मेहुणा, नाहीतर गल्लीतला एखादा रिटायर्ड मास्तर. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. अडचण अशी की मेस्त्री त्याच गावचा असतो. मामा त्याच्या मुलीच्या लग्नात जेवून आलेले असतात, उद्या मामांच्या गोठ्याचं कामही त्यालाच द्यायचं असतं. त्याला "हा माल पातळ झालाय, काढून टाक" असं मामा कुठल्या तोंडाने म्हणणार? तुम्ही त्यांना साइटवर उभं केलंत, अधिकार कसलाच दिला नाहीत, आणि उद्या तडा गेला की बोल त्यांच्याच माथी. घर होतं, पण मामा वास्तुशांतीला येत नाहीत. हे मी बेळगाव तालुक्यात पुन्हा पुन्हा बघतोय.

त्यावर तुमचा उपाय म्हणजे व्हिडिओ कॉल. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे, उन्हाळ्यात लंडनचं साडेचार तास. तुम्ही ऑफिस सुटून फोन लावता तेव्हा इथे गवंडी सायकलवर टांग मारून घरी पोचलेला असतो. मग असं होतं:

"मामा, स्लॅबला पाणी मारलंय ना?"

"मारलंय की रे, हे बघ की," म्हणून मामा फोन स्लॅबवर फिरवतात. ओला स्लॅब चकाकतो, तुम्ही खूश.

एका घरी ते पाणी फोन यायच्या अर्धा तास आधी पाइपने शिंपडलेलं असायचं. एप्रिलचं ऊन, विहीर तळाला गेलेली, टँकर एक दिवसाआड. पाणी साठावं म्हणून स्लॅबवर मालाचे छोटे बांध घालून करायची आळी केलेलीच नव्हती, कारण आळ्यांत पाणी भरायचं तर टँकर रोज लागतो, आणि टँकरचे पैसे मागायला मामांना संकोच. स्लॅबवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे आले आणि पहिल्याच पावसात खालून थेंब धरले. कॉंक्रीट ओलं ठेवायचं, म्हणजे क्युरिंग करायचं, ते साध्या ओपीसी सिमेंटला किमान ७ दिवस, फ्लाय अॅश मिसळलेल्या पीपीसीला किमान १०. कोरड्या कडक उन्हाळ्यात ओपीसीला १० आणि पीपीसीला १४ धरा. बाजारात हल्ली बहुतेक पीपीसीच मिळतं, त्यामुळे "आठवडाभर मारलं की" हे मेस्त्रीचं म्हणणं तिथेच खोडून काढा. सेंट्रिंगचे, म्हणजे स्लॅबच्या साच्याखालचे, टेकू काढायचंही तसंच. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचा (दोन आधारांमधल्या अंतराचा) स्लॅब असेल तर ७ दिवस, त्याहून मोठा असेल तर १४. बीमखालचे टेकू १४ दिवस, ६ मीटरच्या वरचा गाळा असेल तर २१. हे आकडे ओपीसीचे आहेत, पीपीसीला मी त्याहून पुढेच थांबतो. सेंट्रिंगवाल्याला पुढच्या साइटवर प्लेटा न्यायच्या असतात म्हणून तो घाई करतो. त्याची घाई तुमच्या डोक्यावर नको.

माझा उपाय साधा. देखरेखीला गावाबाहेरचा, पगारी माणूस ठेवा आणि त्याचे पैसे तुमच्याकडून थेट जाऊ द्या, मेस्त्रीच्या हातून नव्हे. मामांकडे किल्ली आणि टँकरवाल्याची वही ठेवा. टँकर किती आले यावरून क्युरिंग किती झालं ते कळतं, कॅमेऱ्यावरून कळत नाही. फोटो मागायचा तर सकाळी दहाचा मागा, एकाच कोपऱ्यातून, आळीत पट्टी उभी धरून. सिमेंटच्या पोत्यावर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, त्याचाही फोटो मागा. तीन महिन्यांहून जुनं पोतं मी साइटवर उतरवून घेत नाही.

कॉंक्रीटमध्ये वरून पाणी घालणं हे आपल्याकडचं जुनं दुखणं. माल घट्ट असला की ओढायला जड जातो, म्हणून बायामाणसं थकली की कुणीतरी बादली ओततं. स्लॅबच्या दिवशी तुमचा माणूस मिक्सरजवळ उभा हवा. स्लॅबच्या जेवणाचं बघायला मामा आहेतच.

कागद

उतारा, ई-स्वत्तूचा (पंचायत मिळकतींच्या ऑनलाइन नोंदीचा) नमुना ९ आणि ११, पंचायतीचा परवाना, सगळं कन्नडमध्ये. परदेशात वाढलेल्या पोरांचं सोडा, इथे मराठी शाळेत शिकलेल्या आपल्याच पिढीला ते धड वाचता येत नाही. भाऊ व्हॉट्सअॅपवर फोटो टाकतो, "सगळं ओके आहे", आणि तुम्ही अंगठा वर करता. ओळ न् ओळ वाचून घ्या, आणि ज्याचा त्या जागेत काही संबंध नाही अशा माणसाकडून. पासपोर्टवरचं नाव आणि उताऱ्यावरचं नाव जुळतंय का तेही बघा. आडनावाच्या जागी गावाचं नाव, वडिलांच्या नावात एक अक्षर कमी, असल्या गोष्टी खरेदीच्या दिवशी नोंदणी कार्यालयात उघड्या पडतात. सर्व्हे नंबरातला तुकडा घेत असाल तर त्या तुकड्याच्या मोजणीचा ११-ई नकाशा झालाय का ते आधी विचारा. परदेशस्थ भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने आलेली ठेवता येते. म्हणून "आत्ता शेत घ्या, एनए (बिगरशेती) नंतर करू" म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा.

वटमुखत्यारपत्र द्यायचं तर भारतीय वकिलातीत सही करा आणि ते पत्र भारतात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरा. त्यात बांधकाम, परवाने, वीज-पाणी एवढेच अधिकार लिहा. विक्रीचा अधिकार सख्ख्या भावालाही कशाला?

बाकीच्या, थोडक्यात

कोकणातल्या घराचा नकाशा यूट्यूबवरून उचलून सौंदत्ती किंवा अथणीकडच्या काळ्या जमिनीत बसवू नका. खानापूरकडे लाल मुरूम, जांभा. पूर्वेला काळी माती, पावसात फुगते, उन्हात फाटते आणि फरशी वर उचलते. माती बघून पाया, पाया बघून बजेट.

छज्जा नसलेल्या खिडक्या. फोटोत छान दिसतात. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून आडवा येतो आणि सोफ्यावर बसतो. छज्जा ठेवा, त्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच ठेवा. एलिव्हेशन काढणाऱ्या पोराला एकदा जुलैमध्ये कणकुंबीला पाठवायला हवं.

आखातातून स्विच, नळ, झुंबरं आणू नका. तिथले चौकोनी पिनांचे सॉकेट इथल्या बॉक्सात बसत नाहीत आणि नळाचा वॉशर बेळगावच्या शहापुरातल्या कुठल्याच दुकानात मिळत नाही.

वाळवीचं औषध पाया भरतानाच. फरशी झाल्यावर ड्रिल मारत बसावं लागतं.

गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढा, पाइप कुठून गेले, वायर कुठून गेली. नंतर टीव्ही टांगायला आलेला माणूस नेमका पाण्याच्या लाइनीवर भोक पाडतो.

बांधकामाची तात्पुरती वीजजोडणी काम संपल्यावर घरगुती करून घ्या. तिचा दर जास्त असतो, आणि लोक वर्षभर तोच भरत राहतात.

शेवटचा हप्ता रंगाच्या दिवशी देऊ नका. करारातच लिहा: दहा टक्के पहिल्या पावसाळ्यानंतर. मेस्त्री कुरकुरतो, पण सप्टेंबरमध्ये फोन उचलतो.

आणि वास्तुशांत झाली, कुलूप लावून निघालात, की घराचा खरा वनवास सुरू. बाथरूमच्या जाळीखालचं, वास अडवणारं पाणी महिन्याभरात आटतं आणि गटाराचा वास व झुरळं सरळ बेडरूममध्ये. वरची टाकी भरलेली ठेवून जाऊ नका, बॉलव्हॉल्व्ह बिघडला तर जिना धबधबा होतो. आठवड्यातून एकदा सगळ्या खिडक्या उघडणारं आणि प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतणारं कुणीतरी ठेवा. त्या कामाला मामा अगदी योग्य आहेत, पण त्यांना त्याचे पैसे द्या.