गटप्रमुख नेमण्याआधी

बीड जिल्ह्यातील एका द्विशिक्षकी शाळेत मी शिक्षणसेवक म्हणून रुजू झालो, तेव्हा ज्ञानरचनावादाची, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचते या विचाराची, व्याख्या आणि 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातील मुख्य मुद्दे मला तोंडपाठ होते. नव्याने शिकवू लागलेल्या तुम्हालाही ते ठाऊक असतील, म्हणून मी फक्त एका चुकीबद्दल लिहितो. तिच्यात माझी जवळजवळ दोन वर्षे गेली आणि ती मुलांचीही दोन वर्षे होती.

चौथी-पाचवीच्या मुलांचे मी पाच-पाच जणांचे गट केले आणि प्रत्येक गटावर एक हुशार मूल गटप्रमुख म्हणून नेमले. वह्या भरत होत्या, वर्ग शांत होता, केंद्रप्रमुखांनीही समाधान व्यक्त केले. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर एका गटाची प्रमुख मुलगी आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली आणि उरलेल्या चौघांना हातच्याची वजाबाकीही स्वतंत्रपणे करता येईना. ती गणिते सोडवत होती आणि हे चौघे उतरवून घेत होते; भरलेल्या वह्यांवर सह्या करताना ते माझ्या ध्यानात आले नव्हते. त्या मुलीचेही नुकसानच झाले होते, कारण तिला जे आधीच येत होते तेच ती रोज इतरांसाठी करत होती.

जे काम एकटे मूल पुरे करू शकते, ते गटाला दिले तरी एकटे मूलच पुरे करते. म्हणून एकाने पुरे होणारच नाही, असे काम शोधावे लागते. अमेरिकेतील ऑस्टिन शहरात मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांनी 1971 मध्ये अशी एक पद्धत वर्गात आणली: धड्याचे तुकडे करायचे, प्रत्येक मुलाकडे एकच तुकडा द्यायचा आणि बाकीचे त्याने सोबत्यांकडून समजून घ्यायचे. मी ती गावाच्या पाण्यावर वापरली. कोणी विहिरीची, कोणी बोअरची, कोणी पाझर तलावाची, कोणी टँकरची माहिती घरी विचारून आणली आणि ती एकत्र आल्याशिवाय गटाचा नकाशा पुरा होईना. आपल्याकडे हंगामात गैरहजेरी असते, म्हणून एकच तुकडा दोन मुलांकडे ठेवा. चर्चेआधी प्रत्येकाला पाटीवर एकट्याने दोन मिनिटे लिहू द्या. शेवटी चिठ्ठी काढा आणि जिचे किंवा ज्याचे नाव निघेल, त्यानेच गटाच्या वतीने बोलावे. चिठ्ठी कोणाचीही निघू शकते हे कळल्यावर मुले एकमेकांना आपणहून समजावू लागतात.

व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या तयार कार्यपत्रिकांवर माझा विश्वास नाही. मी मैदानावर गुंठा मोजायला लावला. 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद, म्हणजे 1089 चौरस फूट, आणि असे 40 गुंठे मिळून एकर होतो. सगळ्या बाजू बरोबर 33 भरल्या होत्या, तरी एरवी तोंड न उघडणारा एक मुलगा म्हणाला, ‘‘गुरुजी, दोरी तिरपी झाली की वावर कमी भरतं.’’ क्षेत्रफळाचा तो धडा मी त्याआधी फळ्यावर तीनदा शिकवला होता आणि काटकोनाचा विषय एकदाही निघाला नव्हता.

पहिला महिना कठीण जाईल. गोंगाट होईल, अभ्यासक्रम मागे पडल्यासारखा वाटेल आणि ‘गुरुजी शिकवतच नाहीत’ असे पालक म्हणतील. या काळात घाबरून पुन्हा फळ्याकडे वळू नका. प्रश्न विचारल्यावर मात्र थांबा. शिक्षक उत्तरासाठी सरासरी सुमारे 1 सेकंदच थांबतात आणि किमान 3 सेकंद थांबल्यास उत्तरे लांब व विचारपूर्वक येतात, हे अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी दाखवून दिले आहे. मला ते प्रशिक्षणात नव्हे, तर शेजारच्या गावातील एका ज्येष्ठ बाईंच्या वर्गात मागे बसून समजले. असा एखादा वर्ग तुम्हीही शोधा. दहा प्रशिक्षणांपेक्षा तो अधिक देतो.

चैत्रात ती मुलगी परतली, तेव्हा मी तिला गटप्रमुख केले नाही. तिने टोळीतला मुकादम प्रत्येक कोयत्याच्या, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्याच्या, उचलीचा (आगाऊ रकमेचा) आणि तोडलेल्या टनांचा हिशेब कसा ठेवतो ते मुलांना सांगितले, आणि तो हिशेब मांडण्यात तिच्या गटाचे दोन दिवस गेले.